शिध्याच्या यादीने उघडलेली लिपी

(अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



प्राचीन लिपी म्हटली की तिच्यात राजाज्ञा, विजयगाथा आणि देवस्तुती असावयाची, अशी सुशिक्षितांची समजूत असते. १९०० साली क्रीट बेटावरील नॉसॉस येथे आर्थर इव्हान्स यांना मातीच्या लेखांकित पाट्या सापडल्या, तेव्हा त्यांचे लक्षही एका वैभवशाली राजवंशाकडेच लागलेले होते. ‘लिनिअर बी’ या नावाने ओळखली जाणारी ही लिपी पुढे अर्धशतक मुकी राहिली. मात्र या पाट्या म्हणजे राजवाड्याच्या कोठाराचे हिशेब होत, हे प्रारंभीच कळून चुकले होते. उभी रेघ एकाची, आडवी दहाची, वर्तुळ शंभराचे. अक्षर लागत नव्हते, पण बेरीज पडताळता येत होती.

किल्ली या बेरजेतच होती. यादीच्या अखेरीस, सर्व आकड्यांची बेरीज जेथे मांडलेली असे तेथे, एकच शब्द वारंवार येई. भाषा ठाऊक नसतानाही त्याचा अर्थ ‘एकूण’ असाच असला पाहिजे, हे सांगता येत होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातील अध्यापिका अ‍ॅलिस कोबर यांनी १९४९ साली या एका शब्दावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुरुषांच्या यादीत त्याचे एक रूप येते आणि स्त्रियांच्या यादीत दुसरे. अर्थात ही लिंगभेद पाळणारी भाषा आहे, असे त्यांनी दाखविले. युद्धकाळातील टंचाईत मिळेल त्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत त्या लावून ठेवणाऱ्या या विदुषीचे १९५० साली निधन झाले. कीर्ती लाभली ती मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदास. त्यांची प्रतिभा नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या कोष्टकाखालचा पाया कोबर यांनी घातलेला होता, हे विसरले जाते. १ जुलै १९५२ रोजी व्हेंट्रिस यांनी बीबीसीवरून जाहीर केले की ही भाषा ग्रीकच आहे, आणि तीही होमरच्या कित्येक शतके आधीची.

अनेक विद्वानांना ते पटेना. त्यांचा संशय पुन्हा एका हिशेबानेच फेडला. ग्रीसमधील पायलॉस येथे कार्ल ब्लेगन यांच्या उत्खननात मिळालेली एक पाटी १९५३ साली वाचली गेली. तीत तिपाई भांड्याच्या चित्राशेजारी ‘तिरिपोदे’ हा शब्द होता. चार कानांच्या भांड्यापुढे ‘चार’, तीन कानांच्या भांड्यापुढे ‘तीन’, आणि बिनकानाच्या भांड्यापुढे नकाराचा उपसर्ग. चित्र, आकडा आणि उच्चार असे तिन्ही एकत्र जुळल्यावर वाद फारसा उरला नाही.

मग या पाट्यांत काय निघाले? महाकाव्य निघाले नाही. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास पायलॉसचा राजवाडा जळाला आणि त्या आगीत कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून त्या टिकल्या. त्यांत दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या, स्नानाचे पाणी घालणाऱ्या अशा सुमारे ७५० स्त्रियांची, त्यांच्या मुलांसह, गटवार नोंद आहे. एक पाटी सांगते : मिलेटसच्या स्त्रिया १६, मुली ३, मुलगे ७. पुढे धान्य आणि तितकेच अंजीर. आकड्यांची फोड केली असता बाईला दोन मापे, तर मुलाला एक, असे प्रमाण निघते. मिलेटस हे समुद्रापलीकडचे, आजच्या तुर्कस्तानातील नगर. या स्त्रिया युद्धात पकडून आणलेल्या होत्या की बाजारात विकत घेतलेल्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वेतनाचा मात्र कोठेही उल्लेख नाही. आहे तो शिधा. मुलांच्या बापांचाही या यादीत पत्ता नाही. राजवाड्याच्या कारकुनाला हवी होती ती तोंडांची संख्या, आणि तेवढीच त्याने लिहिली.

नॉसॉसच्या कारकुनाने नांगराच्या बैलजोड्यांचीही नोंद ठेवली होती. त्या पाट्यांवर बैलांची नावे आहेत : एक ‘कबरा’, एक ‘काळ्या’, एक ‘पांढऱ्या पायांचा’. पायलॉसच्या यादीतील मिलेटसच्या त्या सोळा जणींपैकी एकीचेही नाव पाटीवर नाही.