कमरेला काय आहे?

(जुरोंग आयलंडवर नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींच्या मासिक बैठकीत केलेलं हे भाषण. बोलताना जे निसटलं ते लिहिताना भरलं आहे.)



मागच्या बैठकीत म्युच्युअल फंड झाले, त्याआधी गुडघेदुखी झाली. या वेळी माझी पाळी आली आणि मी विषय कळवला, "पिस्तूल आणि त्याचं होल्स्टर कसं निवडावं". दोन दिवस संयोजकांचं उत्तरच नाही. मग फोन आला, "अरे, आपण सिंगापुरात राहतो, माहीत आहे ना?"

माहीत आहे, म्हणूनच बोलतोय. आपण रोज सकाळी जुरोंग आयलंडच्या चेकपॉइंटवर रांगेत उभे राहतो, पास दाखवतो, बॅग तपासू देतो, आणि समोरच्या ऑक्झिलरी पोलिसाच्या कमरेला जे असतं त्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. सात बेटं भराव घालून जोडली आणि हे एक बेट झालं. २००० च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं, आणि २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जे घडलं त्यानंतर तिथे पासाशिवाय पाऊल टाकता येत नाही. एवढ्या तेलाच्या आणि गॅसच्या टाक्यांशेजारी ते बरोबरच आहे म्हणा. माझं काम तिथल्या एका प्लांटच्या सर्व्हरशी. बंदुकीशी संबंध शून्य. पण होल्स्टर या विषयात मला नको तितकी माहिती आहे, आणि त्याला कारण माझा आतेभाऊ.

इथे यायच्या आधी मी तीन वर्षं ह्यूस्टनला होतो. एच-वन व्हिसावर तिथे बंदूक बाळगता येत नाही (शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण आपण कुठे शिकारीला जातोय!). दादा मात्र तिथला नागरिक. उपनगरात त्याचं छोटं दुकान आहे, रात्री अकराला बंद होतं. २०१९ साली एका रात्री दोघांनी त्याच्या तोंडासमोर पिस्तूल धरून गल्ला नेला. दादाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर दुकानाचं दार वाजलं की त्याचा हात थांबायचा, बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. महिनाभराने तो म्हणाला, "मी लायसन्स काढतोय. तू चल माझ्याबरोबर, तुला वस्तू निवडता येतात." लॅपटॉप घेताना मी त्याला एक्सेल शीट करून दिली होती, तेवढंच माझं क्वालिफिकेशन!

टेक्सासचं लायसन्स म्हणजे चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, आणि तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून ५० गोळ्या झाडून दाखवायच्या. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. (२०२१ च्या सप्टेंबरपासून तिथे बहुतेकांना लायसन्सचीही गरज उरलेली नाही.) दादा पास झाला, आणि मग खरा प्रश्न सुरू झाला. ही वस्तू दिवसाचे चौदा तास अंगावर, कपड्याखाली, कुणाला न दिसता वागवायची कशी?

मला वाटलं होतं, सोपं आहे. सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलकं घ्यावं. माझ्या शीटमध्ये वजनाला सगळ्यात जास्त मार्क होते. त्याप्रमाणे दादाने रुगरचं एलसीपी घेतलं. रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, पँटच्या खिशात मावतं. पण रेंजवर दहा गोळ्या झाडल्या आणि त्याचा तळहात लाल! गोळीचा धक्का तेवढाच असतो, पिस्तूल जितकं हलकं तितका तो हातात जास्त बसतो. न्यूटनचा नियम बारावीला पाठ केला होता, एक्सेलमध्ये घालायला विसरलो. दोन महिन्यांत दादाने सराव बंद केला, "दुखतं रे" म्हणून. वागवायला सोपं, चालवायला त्रासाचं. आणि सराव नसलेल्या माणसाच्या खिशातलं पिस्तूल कोणाच्या कामाचं?

मग लंबक दुसऱ्या टोकाला. ग्लॉक १९ घेतलं. १५ गोळ्या, भरल्यावर पाऊण किलोच्या वर. रेंजवर एकदम शहाणं. पण खालच्या फळीवरचा डबा काढायला दादा वाकला की शर्टावर कोपरा उमटायचा. तिकडे याला 'प्रिंटिंग' म्हणतात. इथे मी एक गोष्ट शिकलो जी दुकानदाराने आधी सांगितली असती तर पैसे वाचले असते. लपवायला कठीण असते ती नळी नव्हे, मूठ. नळी पँटच्या आत उभी जाते, थोडी लांब असली तर उलट पिस्तूल स्थिर राहतं. मूठ मात्र पट्ट्याच्या वर आडवी बाहेर येते आणि चुगली करते. शेवटी दादा सिगच्या पी३६५ वर स्थिरावला. हे मॉडेल २०१८ साली आलं. अर्ध्या किलोच्या आसपास, मूठ आखूड, आणि तरी मॅगझिनमध्ये दहा गोळ्या.

आता होल्स्टर. अमेरिकेत म्हणतात की पिस्तूल वागवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी नापसंत होल्स्टरांचा एक ड्रॉवर असतो. आपल्याकडे जुन्या चार्जरांचा असतो तसा. दादाचा ड्रॉवर वर्षभरात भरला. पहिलं नायलॉनचं, पंधरा डॉलरचं. पिस्तूल उपसलं की ते मऊ म्यान चपटं व्हायचं, आणि परत घालायला दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरावं लागायचं, म्हणजे स्वतःचीच बोटं नळीसमोर! एकदा तर पिस्तुलाबरोबर होल्स्टरही उपसून आलं. दुसरं चामड्याचं. अंगाला मऊ, दिसायला रुबाबदार, पण ह्यूस्टनचा उन्हाळा आपल्या इथल्यासारखाच घामट. तिसरं कायडेक्सचं, म्हणजे तापवून पिस्तुलाच्या आकारात दाबलेलं कडक प्लॅस्टिक. ते 'खट्' करून पिस्तूल धरतं, तोंड मिटत नाही, आणि मुख्य म्हणजे चाप पूर्ण झाकतं. दादाच्या पिस्तुलाला वेगळा खटका नव्हता, म्हणजे चापावरचं ते झाकण हीच खरी सेफ्टी. सगळ्यात जास्त अपघात होऊ शकतात ते पिस्तूल परत ठेवताना. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी चापाच्या खाचेत अडकते, आणि माणूस जोर लावून दाबतो.

कमरेवर कुठे, यावरून तर पंथ आहेत. उजव्या हाताशी घड्याळातल्या तीन-चारच्या जागी ठेवलं तर उभं राहायला छान, पण गाडीत बसलं की सीटबेल्टचा कुलपा आणि मूठ यांची मारामारी. पुढे पोटाशी ठेवलं तर लपतं छान, पण बसल्यावर नळी मांडीत रुतते आणि आपलं पोट, मंडळी, जसं आहे तसं आहे. मागे मणक्यावर ठेवू नये. पाठीवर पडलात तर मणका आणि लोखंड यांची गाठ पडते. दादाला अखेर आराम मिळाला तो पिस्तूल किंवा होल्स्टर बदलून नाही. कडक, दीड इंच रुंद पट्टा आणि कमरेला एक इंच मोठी पँट. आठ महिने आणि शेकडो डॉलर गेल्यावर!

एक जागा मात्र वहिनीने पहिल्याच दिवशी बाद केली. बॅग. तेव्हा तिला कुणीतरी खास चोरकप्प्याची पर्स सुचवली होती. वहिनीने २०१४ सालची बातमी वाचली होती. आयडाहो राज्यात एक आई मुलांना घेऊन मोठ्या दुकानात खरेदीला गेली होती. पिस्तूल अशाच खास पर्समध्ये, चेन लावलेल्या कप्प्यात. दोन वर्षांच्या मुलाने चेन उघडली, चाप ओढला, आणि आई जागच्या जागी गेली. वहिनी म्हणाली, "अंगावर ठेव नाहीतर लॉकरमध्ये ठेव. तिसरी जागा या घरात नाही." त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची. बाबा आला की धावत येऊन कमरेला मिठी मारायची. चार वर्षांच्या मुलाचं डोकं बरोबर तिथेच येतं हो, होल्स्टरच्या उंचीवर. "बाबा, हे काय टोचतंय?" या प्रश्नाला दादाकडे उत्तर नव्हतं. मग तो घरात शिरण्याआधी गॅरेजमध्येच लॉकर उघडायला लागला.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येतो. सगळं जमल्यावर एका रविवारी दादा खुशीत मला म्हणाला, "काल दिवसभर ते कमरेला आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. इतकं कम्फर्टेबल!" मीही खूश, शीट शेवटी बरोबर ठरली म्हणून. वहिनी भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग ते कमरेला नसेल तेव्हा तरी तुझ्या कसं लक्षात येणार?"

दोन आठवड्यांनी आम्ही एका हॉटेलात जेवायला गेलो. दादा बाथरूमला जाऊन आला, बिल दिलं, आम्ही पार्किंगमध्ये आलो. गाडीत बसताना सीटबेल्ट लावला आणि तो नेहमीसारखा मुठीला अडकला नाही. बस, एवढंच. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. धावत आत गेला. पिस्तूल होतं तिथेच होतं, कमोडच्या टाकीवर, जिथे त्याने पँट उतरवताना काढून ठेवलं होतं. मध्ये सात-आठ मिनिटं गेली असतील. बाहेर रांगेत एक बाप दोन मुलांना घेऊन उभा होता. दादा परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, आणि गाडी मी चालवली.

हा एकटा दादाच वेंधळा, असं समजू नका. अमेरिकेच्या विमानतळांवर २०२३ साली प्रवाशांच्या हातातल्या सामानात ६,७३७ पिस्तुलं-बंदुका सापडल्या, आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. पकडलेल्यांचं ठरलेलं उत्तर, "विसरलो". मला ते खरं वाटतं. ज्या वस्तूची अडचण होत नाही ती माणूस विसरतोच, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो तसा. होल्स्टर बनवणाऱ्यांची सगळी हुशारी ती वस्तू जाणवू नये यासाठी, आणि तीच एक वस्तू अशी की क्षणभरही विसरून चालत नाही.

आपल्याकडे लपवून शस्त्र नेण्याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट प्रतापगडची, १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, मुठीत वाघनखं. पण ती तयारी एका भेटीपुरती होती, आणि त्या भेटीत महाराजांना त्या वाघनखांचा विसर पडला असेल असं कुणी म्हणणार नाही. रोज सकाळी दुकान उघडताना कमरेला लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझ्या स्वतःच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. सिंगापूरची नोकरी ठरली, पहिलं पोस्टिंग थेट जुरोंग आयलंड. निघायच्या आदल्या रात्री माझ्या बॅगेची चेन तुटली म्हणून दादाने त्याची काळी सॅक दिली. लॅपटॉप, पासपोर्ट, ऑफर लेटर, सगळं त्यात भरलं. बायकोला तळाशी बिस्किटांचा चुरा दिसला, तिने सगळं परत काढून सॅक उलटी करून झटकली. फरशीवर टण्ण आवाज झाला. ९ एमएमचं एक काडतूस, तीन सेंटिमीटरपेक्षा किंचित आखूड, बारा-एक ग्रॅमचं. दादा कधीतरी ती सॅक रेंजवर नेत असे, आणि अस्तराच्या फाटक्या शिवणीतून ते आत गेलं होतं.

सिंगापूरचा १९७३ चा आर्म्स ऑफेन्सेस कायदा बेकायदा बंदूक आणि बेकायदा गोळी दोन्हींना धरतो. कमीत कमी पाच वर्षं कैद आणि सहा फटके. बंदूक कुणाला इजा करायला चालवली तर फाशी. ते काडतूस सापडलं नसतं तर ह्यूस्टनला अडकलो असतो, किंवा चांगीला, किंवा नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या चेकपॉइंटवर. आणि मी काय म्हणालो असतो? "मला माहीत नव्हतं."

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे कुणाचं पिस्तूल आहे? पण भारतातल्या विमानतळांवर असे एकेका गोळीचे कितीतरी गुन्हे नोंदले गेलेत. मामाची फौजेतली बॅग, काकांची जुनी सुटकेस, वडिलांचा लायसन्सवाला रिव्हॉल्वर ज्या पाउचमध्ये असायचा तो पाउच. दिल्ली उच्च न्यायालयाने अशी अनेक प्रकरणं रद्द केली, जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून. पण तोपर्यंत फ्लाइट जाते, पासपोर्ट अडकतो, वकील लागतो. तेव्हा गावाहून कुणाची बॅग उसनी आणलीत तर अस्तरासकट तपासा, एवढं माझं ऐका.

आणि ज्यांची मुलं इथे एनएस करून आली आहेत त्यांना हे मुलांकडूनच कळेल. फायरिंग संपलं की प्रत्येकाला मोठ्याने सांगावं लागतं की माझ्याकडे जिवंत गोळी नाही आणि रिकामी पुंगळीही नाही. माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा हसून सांगत होता, "अंकल, स्वप्नात पण ते वाक्य येतं." मी हसलो नाही.

दादाने पिस्तूल सोडलेलं नाही. रात्री अकराला गल्ला घेऊन एकट्याने पार्किंग ओलांडायचं असतं ते त्याला, मला नाही, त्यामुळे मी इथे एसीत बसून त्याला उपदेश करत नाही. पण दुकानाबाहेर तो आता ते नेत नाही. बाथरूममध्ये पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही हा त्याचा नियम झालाय. आणि कायडेक्सच्या आतली मऊ गादी त्याने काढून टाकली. "थोडं टोचू दे," म्हणतो.

गेल्या डिसेंबरात दोघं मुलीला घेऊन इथे आले होते. मी कुठे काम करतो ते बघायचंय म्हणाला. पासाशिवाय आत नेता येत नाही, म्हणून चेकपॉइंटच्या अलीकडे उभं राहून लांबून टाक्या आणि चिमण्या दाखवल्या. फोटो नाही काढायचे, हेही सांगितलं. दादाचं लक्ष टाक्यांकडे नव्हतंच. तो ड्यूटीवरच्या पोलिसाच्या पट्ट्याकडे बघत होता, आणि त्याचा उजवा हात नकळत स्वतःच्या रिकाम्या कमरेवर गेला होता.

"बाहेर घातलंय, सगळ्यांना दिसतंय," तो म्हणाला. "बरं आहे त्याचं. लपवायचं नाही, विसरायचंही नाही."

मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून उभी होती. आता ती बरीच उंच झालीय. तिला भूक लागली होती, म्हणून आम्ही जुरोंग वेस्टच्या हॉकर सेंटरला गेलो.