दोन किनारे, एक कचेरी



चालकांनी आम्हाला ‘धंद्याची जागा’ हा विषय दिला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आमचा धंदा भांडवलाचा नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण गोदीच्या फाटकाबाहेर, युनियनच्या बाकावर झाले. परंतु जागा शेठजी निवडतात आणि तेथे रोज जायचे असते कारकुनाला, शिपायाला. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचाही हक्क आहे.

मुंबईच्या दक्षिण टोकाला समुद्रात भर घालून उभ्या राहिलेल्या दोन व्यापारी वसाहती आहेत. पूर्वेच्या अंगाला बॅलार्ड इस्टेट, पश्चिमेला नरिमन पॉइंट. पहिली बंदराच्या पोटातून निघाली. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती टाकून पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात ती वसवली. एका घाटाच्या, एका उंचीच्या त्या दगडी इमारती जॉर्ज विटेट यांच्या. जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या तेथे आल्या आणि कस्टम हाऊसही हाकेच्या अंतरावर.

नरिमन पॉइंटची कुळकथा निराळी. बॅकबेच्या भरावातला सरकारी गैरकारभार १९२० नंतरच्या दशकात वीर नरिमनांनी चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, तीतून ते निर्दोष सुटले. आणि पुढे त्याच भरावाच्या टोकाला त्यांचेच नाव! १९७० च्या आगेमागे तेथे मनोरे उठले, आणि १९९५ च्या सुमारास तेथील भाडे जगातल्या सर्वांत महाग जागांच्या पंक्तीला जाऊन बसले.

नेमक्या त्याच दिवसांत, १९९६ साली, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या पेढीने नरिमन पॉइंटला बिऱ्हाड हलवण्याचे ठरवले. मालक वाईट माणूस नव्हता. परदेशी गिऱ्हाईक येते, त्याला जुना जिना चढवायचा कसा, ही त्याची अडचण. नोकरवर्ग आमच्या युनियनचा. आम्ही एक कोरा ताव घेतला आणि प्रत्येकाला विचारून रकाने भरले: कोणते स्टेशन, उतरल्यावर किती मिनिटे, घरी वाट पाहणारे कोण. बहुतेक मंडळी कल्याण, डोंबिवली, चेंबूर, मानखुर्दची, म्हणजे बोरीबंदरला उतरणारी. तेथून बॅलार्ड इस्टेट पायी बारा-पंधरा मिनिटे. नरिमन पॉइंटला जायचे तर बसची रांग, नाही तर शेअर टॅक्सी. टायपिंग करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, “संध्याकाळची माझी गाडी चुकली की पाळणाघरवाली तासाचे जादा पैसे लावते, आणि पोर दारात बसून असते ते वेगळेच.” कस्टम हाऊसकडे दिवसातून तीन-चार खेपा घालणाऱ्या शिपायाचे हाल तर सांगायलाच नकोत.

तो ताव आम्ही मालकापुढे ठेवला. दोन बैठका झाल्या. भाड्याचा आकडा आमच्याच बाजूने बोलत होता. पेढी जागच्या जागी राहिली. फाटकावर पेढे वाटले; आमच्या गळ्यात हारही पडला.

तो हार घालून घ्यायला नको होता.

न्हावाशेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले होते. हे आम्हाला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. टोळीने दिवसभर उचलायचा माल कंटेनरमधून यारीने उचलला जातो आणि आमच्या माणसांचे काम जाते, यावर आम्ही सकाळी गोदीत भाषणे करीत होतो. आणि दुपारी त्या कचेरीत बसून बोरीबंदरपासूनची पावले मोजत होतो. दोन गोष्टींची सांगड घालण्याची बुद्धी झाली नाही. जहाजेच पलीकडे चालली होती, तेथे कस्टमच्या जवळ राहण्याचा आमचा मुद्दा किती वर्षे टिकणार?

पाच वर्षांत पेढीचे बहुतेक कागद न्हावाशेवाचे झाले. मालकाने खाडीपलीकडे शाखा काढली आणि माणसे तिकडे नेमली. कोणी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरी, कोणी वाशी-पनवेलचा फेरा घाली. त्या टायपिस्ट बाईंनी नोकरी सोडली. आम्ही करार काढून पाहिला. बॅलार्ड की नरिमन, एवढ्यावरच त्याची पाने भरलेली. बदलीचे, प्रवासाच्या वेळेचे, भत्त्याचे एकही कलम नाही. मालक म्हणाला, “तुम्ही मागितलेच नाही.” खरेच मागितले नव्हते.

आता रस्ते बदलले. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून अटल सेतू आहे. पण त्यावर स्कूटरला मज्जाव, म्हणजे शिपायाच्या तो कामाचा नाही. त्याच महिन्यात लोकल उरणपर्यंत पोचली, ती कामाची आहे. ऑक्टोबर २०२५ पासून बोरीबंदरहून भुयारी मेट्रोने विधान भवन स्थानक गाठता येते, म्हणजे आमच्या जुन्या तावातला नरिमन पॉइंटचा रकाना आज खोटा ठरेल. बड्या कंपन्या मात्र केव्हाच वांद्रे-कुर्ल्याकडे गेल्या.

आपल्या गावातूनही पुष्कळ मंडळी रोज मुंबईला जातात. बदलीच्या कलमाचा मसुदा आम्ही सोबत आणला आहे. ज्यांची कचेरी हलण्याच्या बेतात असेल त्यांनी व्यासपीठाजवळ यावे. शेवटची गाडी जाईपर्यंत आम्ही येथेच आहोत.