प्रतिपक्षाचा जोर



मुष्टियुद्ध हा केवळ बाहुबळाचा खेळ आणि वादविवाद हा केवळ जिभेचा, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः दोहोंत निर्णायक ठरते ती प्रतिपक्षाची पारख. कुस्तीच्या आखाड्याशी परिचय असलेल्या ग्रामस्थांना हे निराळे सांगावयास नको. समोरचा मल्ल जोराने अंगावर आला, तर त्याचाच जोर त्याला खाली आणण्याच्या कामी येतो.

या दृष्टीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी पहाटे किन्शासा येथे, म्हणजे तत्कालीन झाईर देशाच्या राजधानीत, झालेली लढत अभ्यासनीय आहे. जगज्जेता जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा होता आणि चाळीस लढतींत एकदाही हरला नव्हता. त्याच्या आधीच्या आठ लढती तर दुसऱ्या फेरीपलीकडे गेल्याच नव्हत्या. महंमद अलीचे वय बत्तीस. तो चपळ पायांनी फोरमनला दमवील, अशी अनेकांची अटकळ होती. परंतु वाट अडवीत येणाऱ्या फोरमनपासून दूर राहण्यात आपलीच शक्ती अधिक खर्ची पडते, हे अलीने पहिल्याच फेरीत ओळखले. दुसऱ्या फेरीत तो आपण होऊन दोरांना टेकला. त्याचा मार्गदर्शक अँजेलो डंडी दोरांपासून दूर होण्याविषयी ओरडत राहिला; अलीने ऐकले नाही. हातांची ढाल करून, मस्तक मागे झुकवून त्याने ठोसे झेलले. मधूनच एखादा वेगवान प्रहार आणि त्याबरोबर डिवचणारे बोलणे चालू होते. त्या दमट हवेत फोरमनचे हात जड होत गेले आणि आठव्या फेरीच्या अखेरीस तो कोसळला. अर्थात अलीच्या अंगावर पडलेले ठोसे काही लटके नव्हते. ही युक्ती स्वस्त होती, असे कोणी मानू नये.

वादातही असेच घडते. २७ ऑगस्ट १८५८ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रीपोर्ट येथे लिंकनने डग्लसला विचारले की, राज्यघटना तयार होण्यापूर्वी एखाद्या प्रदेशातील लोकांना गुलामगिरी कायदेशीर रीतीने वगळता येईल काय? ‘नाही’ म्हणावे तर इलिनॉयचे मतदार बिथरणार, ‘होय’ म्हणावे तर दक्षिणेकडील राज्ये. स्थानिक कायद्यांच्या पाठबळावाचून गुलामगिरी टिकूच शकत नाही, असे उत्तर डग्लसने दिले. हे त्याने पूर्वीही सांगितले होते. लिंकनचे कौशल्य ते भरसभेत पुन्हा वदवून घेण्यात होते. सेनेटची जागा डग्लसने राखली. परंतु दक्षिणेचा रोष वाढला, १८६० मध्ये त्याचा पक्ष दुभंगला आणि लिंकन अध्यक्ष झाला.

मात्र पेच आणि फसवणूक यांत भेद आहे, आणि शाळांतील वक्तृत्वसभांत नेमका तोच पुसला जातो. गौतमाच्या न्यायसूत्रांत सत्यशोधनासाठी होणारा तो वाद, जयासाठी होणारा तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करणारी ती वितंडा, असे तीन प्रकार सांगितले आहेत. छलाचे नेहमीचे उदाहरण मोठे बोलके आहे. ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याच्याजवळ नवी घोंगडी आहे, असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने ‘याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत?’ असे विचारावे. यावर टाळ्या पडतात, पण मुद्दा आहे तेथेच राहतो. लिंकनने शब्द पिळला नव्हता. डग्लसची दोन विधाने त्याच्याच पुढ्यात ठेवली होती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडावे आणि मगच त्यास उत्तर द्यावे, ही पूर्वपक्षाची रीत शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगी आहे. तिला वेळ लागतो, आणि परीक्षकांनाही तेवढे थांबावे लागते.

फोरमनची गोष्ट किन्शासा येथे संपली नाही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो मायकेल मूररसमोर उभा राहिला. नऊ फेऱ्यांत तो गुणांनी मागे पडला होता. तरी त्याने घाई केली नाही. दहाव्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशाने त्याने मूररला खाली पाडले आणि वीस वर्षांपूर्वी गमावलेले जगज्जेतेपद परत मिळविले. त्या रात्री त्याच्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून अँजेलो डंडी उभा होता.