आडनाव टाकलेला चित्रकार

(वस्तीतल्या चित्रप्रदर्शनात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. शिट्ट्या आणि लाऊडस्पीकरची खरखर तेवढी वगळली.)



उद्घाटन कर म्हणून मला सांगितलं तेव्हा मी आधी हात झटकले. चित्रातलं मला काय कळतं? मॅट्रिकपाशी थांबलेला माणूस मी. दिवसभर गोदीत पोलादाच्या कॉइलींना साखळ्या अडकवतो, क्रेनवाल्याला हातानं खुणा करतो, आणि रात्री अंगाला गंजाचा वास असतानाच वहीत कविता खरडतो. म्हटलं, एखादा मोठा माणूस आणा. तर आपला पेंटर म्हणाला, मोठा माणूस आणला की लोक त्याच्याकडंच बघतात. पटलं. म्हणून आलो. फीत नाही, नारळ नाही, दिवाबिवा तर नाहीच. कात्री आणली होती, ती सुतळी कापायच्या कामी आली.

काल रात्री आम्ही ही चित्रं टांगत होतो. समाजमंदिराच्या भिंतीला नवा रंग दिलाय, खिळा मारायचा नाही. म्हणून कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमट्यांनी चित्रं लावली. अकरापर्यंत गर्दी होती. त्या गर्दीतून आपल्यातल्याच एका शिकलेल्या, बँकेत लागलेल्या पोरानं पेंटरला विचारलं, "आमची गटारं कशाला टांगलीस? कोळंबी सोलणारी मावशी, डोक्यावर पाटी, नळावरचं भांडण. हे जगाला दाखवायचं? बाबासाहेब सूट घालून उभे राहिले ते आपण वर बघावं म्हणून. तू आपल्याला परत पाटीखाली उभं करतोस."

पेंटर गप्प. मी पण गप्प. कारण सवाल खोटा नव्हता. आपल्या दैन्यावर लेख लिहून, फोटो काढून किती जणांची घरं झाली ते आपण बघतोच. रात्रभर तेच डोक्यात. झोप नाही. आज त्या भावाला उत्तर द्यायला उभा नाही, पण याच सवालापाशी आधी उभा राहिलेल्या एका चित्रकाराबद्दल सांगतो. ऐका.

त्याचं नाव चित्तप्रसाद. बंगाली. १९१५ साली नैहाटीला जन्मला. घर ब्राह्मणाचं, आडनाव भट्टाचार्य. जातीचा निषेध म्हणून गड्यानं ते आडनाव फेकून दिलं. नुसता चित्तप्रसाद. आता तुम्ही म्हणाल, ब्राह्मणाला आडनाव टाकायला काय जातं? टाकलं तरी भाषा राहते, ओळखी राहतात, ताठ मान राहते. आपण आडनाव लपवतो ते भाड्यानं खोली मिळावी म्हणून. त्याला खोलीची अडचण नव्हती. हे सगळं मान्य. तरी त्यानं टाकलं, हे मी धरतो. आणि गंमत बघा, आता पुस्तकवाले, याद्या करणारे त्याच्या नावाला ते आडनाव परत चिकटवतात. मेलेल्या माणसाला जानवं घालायची हौस, दुसरं काय!

कलाशाळेचा शिक्का त्याच्यावर नव्हता. चितगावला कॉलेजात असताना कम्युनिस्ट चळवळीत शिरला आणि पोस्टरं रंगवता रंगवता हात तयार झाला. आपला पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता तयार झाला, तसाच. त्याचा बाप अक्षरं काढायचा. फ्लेक्स आला आणि बापाचा ब्रश डब्यात वाळला. पोरानं तो रॉकेलमध्ये भिजवून परत मऊ केला.

मग १९४३ चा बंगालचा दुष्काळ. नुसत्या पावसापाण्यानं तो झाला नाही. युद्ध चालू होतं. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तिकडचा तांदूळ थांबला. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरच्या किनार्‍यावर वादळ झालं. व्यापार्‍यांनी साठे दाबले, भाव भडकले. जपानी किनार्‍यावर उतरतील या भीतीनं इंग्रज सरकारनं आधीच हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. होडी गेली की कोळी गेला, नावाडी गेला, बाजाराला जाणारं धान्य गेलं. वीस ते तीस लाख माणसं मेली असं धरतात. आधी कोण मेलं? भूमिहीन मजूर, मच्छीमार, नावाडी. त्यांच्या जाती मी तुम्हाला सांगत बसत नाही.

१९४३ च्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद मेदिनीपुरात गावोगाव फिरला. कागद आणि काळी शाई. बरगड्या, वाडगे, कुत्री, कवट्या, आणि त्यातून आपल्याकडं रोखून बघणारे डोळे. आणि मला जे महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यानं या माणसांची नावं लिहिली. हा कोण, कुठल्या गावचा, काय करायचा, घरातलं कोण कोण गेलं. 'हंग्री बेंगॉल' नावाचं छोटं पुस्तक त्यातून निघालं. सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. पाच हजार होत्या असं सांगतात. घरच्यांनी एक प्रत बँकेच्या तिजोरीत सांभाळली म्हणून ते आज आपल्याला दिसतं. बँकेचा असाही एक उपयोग आहे, भावा, राग नको धरू.

नाव लिहिण्याचं मी का सांगतोय? आमच्या टोळीतला एक जण दोन कॉइलींच्या मध्ये सापडला. ठेकेदाराच्या वहीत त्याचा टोकन नंबर. पेपरात दीड ओळ, एक मजूर ठार. तो ढोलकी चांगली वाजवायचा. त्याला तिखट चालत नव्हतं. बायकोनं पेपरातलं ते कात्रण फोटोमागं ठेवलंय, आणि आल्यागेल्याला सांगते, यात लिहिलंय तो हाच बरं का.

चित्तप्रसाद पुढं मुंबईला आला. आधी पक्षाच्या लोकांत राहिला, मग अंधेरीत. १९४६ च्या फेब्रुवारीत इथं नौसैनिकांचं बंड झालं. १८ तारखेला 'तलवार'वर संप झाला, २२ तारखेला गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. त्या बंडावरही त्यानं चित्र काढलं. इप्टाची खूण पाहिलीय तुम्ही? नगारा बडवणारा माणूस? ती त्याच्याच हातची. आपले अण्णाभाऊ त्याच इप्टात होते. बंगाल्यानं काढलेल्या नगार्‍याच्या खुणेखाली वाटेगावची हलगी वाजत होती म्हणा ना.

सगळंच काही मला आवडतं असं नाही. त्याच्या काही चित्रांतला कामगार बघा. दंड असे की तोफगोळे, छाती परातीएवढी. अरे, आमच्या टोळीत असा एक नाही. आमच्यात आहे ती पोक, कमरेचा पट्टा, तंबाखूनं गेलेले दात. आणि जात? शेतकरी आहे, मजूर आहे, भुकेला आहे, पण वाड्याच्या पायरीखाली उभं केलेलं माणूस त्याला मला पाहिजे तसं दिसलं नाही. डाव्यांना ते तेव्हा दिसत नव्हतं. आडनाव टाकलेल्याला पण दिसलं नाही.

पण एक गोष्ट त्याची मी उचलतो. लिनो. या दोरीवरची सहा चित्रं लिनोची आहेत, म्हणून नीट सांगतो. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरतात ते. आपल्या पेंटरनं ते दारुखान्याच्या भंगारातून आणलं, तोडलेल्या बोटीच्या केबिनमधलं. ऊन दाखवून मऊ करायचं, बारीक पटाशीनं कोरायचं. कोरलं ते पांढरं राहतं, ठेवलं त्याला शाई लागते. सगळं उलटं कोरायचं. 'जयभीम' लिहायचं तर उजवीकडून डावीकडं. पहिल्या वेळी पठ्ठ्या विसरला, तो ठसा त्यानं घरी ठेवलाय, आरशात बघून वाचतो. वरून रूळ फिरवून शाई लावायची, कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीनं घासायचं. एकाचे पन्नास निघतात. कॅनव्हास एकाच्याच दिवाणखान्यात जातो. हे वीस रुपयांत तुमच्या खोलीत येतं, आणि शेजारणीच्या पण.

१९४८ नंतर चित्तप्रसादचं पक्षाशी जमेना. तो बाजूला झाला. अंधेरीच्या खोलीत हालअपेष्टा काढल्या, पण लिनो कोरत राहिला. कामाला जुंपलेल्या, रस्त्यावर झोपणार्‍या पोरांची एक मालिका केली. परीकथा नसलेले देवदूत, असं तिचं नाव. ती १९६९ साली युनिसेफच्या डेन्मार्कमधल्या समितीनं छापली. १९७२ साली पावेल होब्ल नावाच्या चेक दिग्दर्शकानं त्याच्यावर फिल्म केली. डेन्मार्कला दिसला, प्रागला दिसला. इथल्या गॅलर्‍यांना अंधेरी लांब पडली. १९७८ ला कोलकात्यात गेला. २०११ मध्ये मोठ्या गॅलरीनं मोठं प्रदर्शन भरवलं, जाडजूड पुस्तकं काढली. आता लिलाव होतात.

पण जिवंत होता तेव्हा त्यानं आसपासच्या गरीब पोरांसाठी बाहुल्यांचा खेळ मांडला होता. 'खेलाघर' नाव. बाहुल्या स्वतः करायचा. तिकीट काढून येणारं गिर्‍हाईक नव्हतं ते. नाकातला शेंबूड पुसत पुढं सरकणारी, मध्येच ओरडणारी पोरं. मी त्याचं खरं प्रदर्शन ते मानतो. समीक्षकांनी ते तळटिपेत घातलं तर घालू द्या.

आपल्या पेंटरनं पण गॅलरीचा रस्ता बघून घेतलाय. शहरातल्या एका गॅलरीत चित्रांची गुंडाळी घेऊन गेला. दारावरच्यानं विचारलं, डिलिव्हरी कुणाकडं? आत आठवड्याचं भाडं ऐकलं ते माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं. एक गृहस्थ मात्र गोड बोलले. म्हणाले, तुमच्यात आग आहे, पण थोडं अजून काळं करा, थोडा अजून अन्याय येऊ द्या. साला, अन्याय म्हणजे काय मीठ आहे, चवीपुरतं वाढवायला?

कला आपल्याकडं येतच नाही असंही नाही. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ससून डॉकमध्ये मोठा कलामहोत्सव झाला. धक्क्यावरच्या माणसांचे भिंतीएवढे फोटो लावले. मला ते फोटो आवडले, खोटं का बोलू. पण महोत्सव संपला, बघायला आलेले गेले, आणि कोळंबीच्या टोपल्या तिथंच.

म्हणून दोरी आपल्या दारात बांधली. इथं चित्राखाली नाव आहे, आणि ज्याचं नाव आहे तो समोर उभा राहून भांडू शकतो. काल भांडणं झालीच. कोळंबीवाल्या मावशीनं स्वतःचं चित्र बघितलं. आम्ही श्वास धरून. म्हणाली, "हात बरोबर काढलेस रे बाबा. बर्फानं बोटं अश्शीच होतात. पण माझी कुडी कुठंय? कामाला जाताना मी कुडी काढत नाही. मालकिणीनं एकदा काढ म्हटलं होतं, तरी काढली नाही." बँकेतला भाऊ शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही. मोबाइलचा उजेड तेवढा धरला त्यानं. पेंटरनं चिमटा सोडला, चित्र जमिनीवर घेतलं आणि रात्री साडेबाराला मावशीच्या कानात कुडी घातली. एका कानात. दुसरा कान पदराखाली आहे.

तर मंडळी, आता बघा. पोरांनो, दोरीला लोंबकळू नका. वायर बाजूच्या दुकानातून घेतलीय, दहाला दुकान बंद झालं की दिवे जातील. आणि मावशीच्या चित्राला हात लावू नका, कुडीचा रंग अजून ओला आहे.

जयभीम.