खाशाबांची कुस्ती आणि टीव्हीचा कॅमेरा



सातारा-सांगलीकडचं जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान तुम्ही पाहिलं असेल. ऊन कलतं, हलगी कडाडते आणि शेवटची मोठी जोड लागते तोवर दिवस मावळतीला आलेला असतो. तरी ढाक कुणी लावली, पट कुणी काढला, हे कडेला बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळतं. प्रकाश मोजतात लक्समध्ये. भर दुपारी तो लाखाच्या घरात असतो, दिवेलागणीला शंभराच्याही खाली येतो. आपला डोळा दोन्ही वेळा निभावून नेतो.

टीव्हीच्या पहिल्या कॅमेऱ्यांना हे जमत नव्हतं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आभाळ भरून आलं की चित्र गढूळ व्हायचं. बीबीसीचा एमिट्रॉन कॅमेराही त्याच जातीचा. आत प्रकाशाला जागणारी एक पट्टी आणि तिच्यावरून फिरणारा इलेक्ट्रॉनांचा झोत. झोत इतका वेगवान, की पट्टीवरचेच इलेक्ट्रॉन उडवायचा. ते भलतीकडे पडून चित्रावर डाग उमटायचे आणि उजेडाची बरीचशी कमाई वाया जायची.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला त्याचा सुधारलेला अवतार, सीपीएस एमिट्रॉन, आला. त्यात झोताचा वेग पट्टीजवळ येता येता जवळपास शून्यावर आणला होता, त्यामुळे उडणं थांबलं आणि पूर्वीपेक्षा कितीतरी कमी उजेडात चित्र मिळू लागलं. पण तो नाजूकही तितकाच. छायाचित्रकाराचा फ्लॅश समोर उडाला तर चित्र कोलमडायचं.

त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव उतरले होते. वय अवघं २२, मॅटची सवय नाही, तरी सहावे आले. बीबीसीचे कॅमेरे वेम्बलीत होते, मैदानावर आणि तिथल्या जलतरण तलावापाशी. कुस्त्या झाल्या अर्ल्स कोर्टच्या बंदिस्त सभागृहात. आपल्या मातीतल्या या मल्लाचे डाव लंडनच्या घराघरांत दिसायचे राहिले, याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

१९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फिनलंडमध्ये तेव्हा टीव्हीच नव्हता. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. उघड्यावरच्या त्या सोहळ्याला बर्लिनचा जुना कॅमेराही पुरला असता. पण दिल्लीत टीव्ही आला १९५९मध्ये, आणि मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. तोवर त्या पदकाला वीस वर्षं होऊन गेली होती.