जीपचा जाम झालेला हब



सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गॅरेजात आजही जुन्या जीपगाड्या येतात. मोहोळ, मंगळवेढा, पंढरपूर, अक्कलकोट भागातल्या शेतकऱ्यांनी जिवापाड सांभाळलेल्या. कुणाची उंच बोनेटची सीजे थ्री बी, कुणाची पूजो इंजिनची एमएम ५४०, आणि एखाद्याचा सैन्याच्या लिलावात घेतलेला शक्तिमान ट्रकसुद्धा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्या. इंजिन एका हाकेला सुरू होतं, गिअर नीट पडतो, पण पुढचं चाक खोलायची वेळ आली की काम अडतं. ड्रम निघत नाही, हब सुटत नाही, स्टब एक्सल जागचा हलत नाही. मग कुणीतरी घण उचलतो. माझ्या मते या गाड्या वयापेक्षा त्या घणानेच जास्त मेल्या आहेत.

महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. सीजे थ्री बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं, तिकडे १९६८ मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. म्हणून आपल्या तालुक्यांत ती गाडी अजून दिसते. मात्र तिचे खरे, जुन्या पोलादाचे सुटे भाग आता सहजी मिळत नाहीत. स्टब एक्सलचे आटे एकदा गेले की मालकाला भंगार बाजार पालथा घालावा लागतो.

आता कुणी विचारेल, सोलापूरची हवा कोरडी, इथे कोकणासारखा गंज कुठून? तर तो आपल्या काळ्या मातीतून. ही माती पाणी पिऊन फुगते. पाणी दिलेल्या उसाच्या सरीतून गाडी काढली की ही माती ब्रेकच्या मागच्या पत्र्यावर थापली जाते, वरून वाळते आणि आत ओल धरून बसते. दुसरं कारण ओढ्याचं. लांबून पळत आलेली जीप तशीच पाण्यात घातली की तापलेला हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सील झिजलेलं असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढुरकं होतं, आणि गंज सुरू होतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. दोन भागांमध्ये केसाएवढी फट असली, तरी तिथे तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

जीपच्या पुढच्या चाकाची रचना ऐकून डोळ्यांसमोर आणता येण्यासारखी आहे. मधोमध पोकळ स्टब एक्सल. तो स्टिअरिंग नकलला सहा बोल्टांनी आवळलेला असतो. त्याच्या पोटातून शाफ्ट बाहेर येतो. स्टब एक्सलच्या अंगावर दोन टेपर बेरिंगं, आणि त्यांच्यावर हब व ड्रम फिरतात. शाफ्टची ताकद हबला पोचवणारी जाड चकती म्हणजे ड्राइव्ह फ्लँज. आतून ती शाफ्टच्या खाचांवर बसते, बाहेरून हबला बोल्टांनी जोडलेली असते. एवढं चित्र डोक्यात पक्कं बसलं, की कोणता भाग कशाने धरला आहे ते कळतं. पान्याला हात घालायच्या आधी हे कळलं पाहिजे.

सुरुवात जमिनीवरूनच करावी. मागच्या चाकांना दगडाची उटी लावा, चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करा, मग जॅक. जॅक काढून घेता येईल असा भक्कम लाकडी ठोकळा किंवा स्टँड एक्सलखाली द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली माझ्या गॅरेजात कुणी हात घालत नाही. आणि एक विशेष गोष्ट. कित्येक जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतात. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ती योजना आहे. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर दिसतंय का ते पाहा. न पाहता पान्यावर पाइप घालून जोर लावणारे स्टड मोडून बसतात.

फ्लँजचे बोल्ट काढले तरी फ्लँज चिकटलेलाच राहतो. तिथे पातळ छिन्नी एकाच जागी ठोकू नका, कडा उडते. फटीत भेदक तेल सोडा आणि रात्रभर थांबा. भेदक तेल नसेल तर रॉकेल आणि थोडं पातळ ऑइल. सकाळी चहूबाजूंनी हलकं ठोकून मग पुलर लावा. थांबण्याचा वेळ फुकट जात नाही, तेल आपलं काम करत असतं.

पुढे मोठे नट. जीपला इथे दोन नट असतात, आणि त्यांच्या मधल्या चकतीचा कान नटाच्या कडेवर दुमडलेला असतो. तो कान सरळ केल्याशिवाय नट फिरवला की आटे खराब झालेच. योग्य मापाचा बॉक्स पाना वापरा. छिन्नीने ठोकून फिरवलेले नट बघितले की मला फार वाईट वाटतं, कारण पुढच्या माणसाला ते काम दुप्पट अवघड होतं.

इथपर्यंत आलो तरी ड्रम अडतो, तेव्हा दर वेळी दोष गंजाला देऊ नये. वर्षानुवर्षं लायनर घासून ड्रमच्या आत खोलगट पट्टा पडतो आणि कडेला ओठ राहतो. ब्रेक शू त्या ओठाला अडकतात. ब्रेकचं ॲडजस्टमेंट मागे घेऊन शू आत ओढले की ड्रम मोकळा होतो. शिवाय जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असतो. ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा. आमच्या धंद्यात कितीतरी माणसांनी ती धूळ वर्षानुवर्षं ओढली आहे. पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

खरा त्रास स्टब एक्सल देतो. सहाही बोल्ट निघाले तरी तो नकलच्या भोकात गंजाने धरून बसतो. इथे पुढून, आट्यांवर घाव घालायचा मोह होतो, आणि तिथेच गाडीचं आयुष्य संपतं. आधी जुना नट टोकाच्या बरोबरीने चढवून आटे झाका. मग बेरिंग बसतं ती तुळतुळीत जागा सोडून, पितळी किंवा लाकडी हातोड्याने बाजूंनी, आळीपाळीने, वर-खाली ठोका. त्याने गंजाची पकड सुटते. एवढं करूनही नाही सुटला तर उष्णतेची मदत घ्या. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांश वाढतं. दीडशे मिलिमीटर व्यासाची वस्तू शंभर अंशांनी तापवली तर सुमारे ०.१८ मिलिमीटरची वाढ मिळते. गंजाला फोडायला ती पुरेशी होते. पण तापवायचा तो बाहेरचा नकल, आतला स्टब एक्सल नव्हे. तेल, रॉकेल, ग्रीस आणि ब्रेक ऑइल आधी पुसून टाका, ब्रेकची रबरी नळी दूर करा आणि शेजारी वाळूची बादली ठेवा. कडक केलेल्या बेरिंगला ज्योत लावू नका.

बेरिंगची आतली चकती स्टब एक्सलवर जाम झाली तर ग्राइंडरने तिरपी खाच पाडा, पूर्ण आरपार नाही, शेवटचा पातळ थर राहू द्या. मग छिन्नीचा एक ठोका. चकती तडकते, एक्सलला ओरखडा येत नाही. टाय रॉडचा एंड निघत नसेल तर त्याच्या टोकावर मारू नका. ज्या डोळ्यात तो बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोडे मारा. आकार क्षणभर बदलतो आणि टेपर सुटतो. सोलापुरात लेथवाले चांगले आहेत, पुलरची प्लेट त्यांच्याकडून आपल्या हबच्या मापाने करून घेता येते. महागडं हत्यार विकत घेण्याआधी त्यांना विचारा.

जोडताना नवं सील, नवं गॅस्केट, आणि बोल्टांना तांब्याचं ग्रीस. आतला नट, चाक फिरवत फिरवत, जड लागेपर्यंत आवळा, मग साधारण एका फेऱ्याचा सहावा भाग मागे घ्या, मधली चकती आणि दुसरा नट लावा, मग चकतीचा कान नटावर दुमडा. गाळपाचा हंगाम संपला की मृगाच्या आधी दर वर्षी एकदा हे सगळं उघडून पुसून परत बसवलं तर पुढच्या वेळी घणाची गरज पडत नाही.

गाडी दहाएक किलोमीटर चालवून आणल्यावर हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात टिकत नसेल तर ब्रेक घासतोय का ते आधी बघा, आणि तो मोकळा असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. तेव्हा तो परत सैल करावा.