पाणी ओसरल्यावरची शाळा



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून घरोघरी आहेत. त्यांना विचारा. आधी खडी फोडल्याचं सांगतील, मग लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं, आणि मग सुकडी या पौष्टिक खाऊचं. मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती. आया पाझर तलावाची माती उपसायच्या आणि लेकरं तिथंच कडेला असायची. कामावरच त्यांच्या हातावर सुकडी पडायची. पोटात चार घास जावेत म्हणून लेकराला आईपासून तोडावं लागलं नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाळा मात्र कित्येकांची सुटली, ती सुटलीच.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिथं घर गेलं, शाळा गेली, कित्येकांचे आईवडीलही गेले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी त्या भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. एवढ्या दुःखात मुलांना गावाबाहेर नेणं हा अवघड निर्णय होता. पण मागं काहीच उरलेलं नसताना तो योग्यच होता, असं मी म्हणेन. मदतीचे ट्रक महिन्या-दोन महिन्यांत थांबतात. मुलाचं शिकणं काही वर्षं चालतं.

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत पाथर्डी-शेवगावकडे शेतं पाण्याखाली गेली, घरांत पाणी शिरलं. पिकांचे, जनावरांचे, पडक्या भिंतींचे पंचनामे होतात. भिजलेल्या दप्तराचा पंचनामा कोण करतो? पीक गेलं की आधी कर्ज दिसतं. मग थोरला मुलगा मजुरीला जातो. दहावीतल्या पोरीसाठी स्थळं बघायला सुरुवात होते. आणि जूनमध्ये हजेरीपटावरची दोन-तीन नावं गप्प राहतात.

म्हणून माझी विनंती आहे. चादरी, धान्य वाटून झालं की जवळच्या झेडपी शाळेतल्या गुरुजींना, बाईंना भेटा. कोणती मुलं येईनाशी झाली, विचारा. त्यांच्या घरी जा, आईशी बोला. चार-पाच घरांनी मिळून एका मुलाचा दहावीपर्यंतचा खर्च उचलला, तर कुणालाच जड जाणार नाही. आणि पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत पुन्हा एक चक्कर मारा.